डावा बगळा, उजवा बगळा

सह्या करायला जमलेल्या माणसांना सह्या सोडून बाकी सगळं सुचत होतं. आत्याच्या जेवणाच्या टेबलावर कराराच्या दोन प्रती केव्हाच्या मांडून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर दोन पेनंही आडवी ठेवली होती, आणि अप्पा चहाच्या कपाचा कान पक्का आहे की नाही ते बघत होते. काका खिडकीशी उभे राहून पल्ला उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. कुठल्याही घरात शिरल्यावर तिथली बिजागरी आपल्या कारखान्याची की दादाच्या, म्हणजे अप्पांच्या, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आत्याकडे खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. ती दोघांची थोरली बहीण. तिनं शहाणपणानं घरातली दारं एका भावाकडून घेतली होती आणि खिडक्या दुसऱ्याकडून.

तडजोडीची कल्पना अप्पांच्या मुलीला, चिमीला, तिथंच सुचली होती. दारांच्या बिजागऱ्या अप्पांनी कराव्यात, खिडक्यांच्या काकांनी, आणि बगळा, म्हणजे बिजागरीवरचा घराण्याचा छाप, दोघांनी वापरावा. कपाटांवर घोडं अडलं होतं. त्यापायी दोन महिने गेले. शेवटी लाकडी कपाटं अप्पांकडे आणि पत्र्याची काकांकडे असं ठरलं, दोन्हीकडच्या वकिलांनी मान डोलावली आणि आजचा दिवस सह्यांसाठी मुक्रर झाला.

चिमी घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न करत होती. बाहेरच्या जगात तिला लोक ‘मॅडम’ म्हणत. पेटंट आणि ट्रेडमार्कच्या वकिलीत तिचं नाव असं होतं, की ती समोर उभी राहणार म्हटल्यावर पलीकडचा वकील आधी अशिलाला बाजूला घेऊन ‘मिटवायचं का?’ असं विचारी. या टेबलाभोवती मात्र पन्नाशी उलटली तरी ती चिमीच होती, आणि चिमीला घाई झाली म्हणून थांबायची या घरात कुणाला सवय नव्हती.

घाई होतीच. पेटंट-ट्रेडमार्कच्या ज्या सरकारी कार्यालयात तिनं उमेदीची वर्षं काढली, त्याच कार्यालयाची प्रमुख म्हणून तिचं नाव पक्कं झालं होतं. हुकूम सहीसाठी तयार होता. काल खात्याच्या सचिवांचा फोन आला.

“मॅडम, एकच खडा आहे,” ते म्हणाले होते. “तुमच्या वडिलांचा आणि काकांचा वाद याच कार्यालयात पडून आहे. तुम्ही प्रमुख व्हायचं आणि घरचं भांडण खालच्या मजल्यावर, हे वर कुणाला पटणार नाही. उद्या दुपारपर्यंत सह्या झालेला करार मला पाठवा. नाहीतर दुसरं नाव आहे, त्यांचा विचार करावा लागेल.”

“उद्याच सह्या आहेत,” चिमी म्हणाली होती, आणि फोन ठेवून बऱ्याच दिवसांनी आरशासमोर उभी राहून स्वतःशीच हसली होती.

हा बगळा काढला तो आजोबांनी. एका पायावर उभा, कारण साच्यात दुसऱ्या पायाला जागा उरली नव्हती. आजोबा होते तोवर बगळ्याला कुणी बोट लावलं नाही. ते गेले आणि दोघा भावांची चूल, कारखाना, बोलणं, सगळंच वेगळं झालं. अप्पांकडे जुना कारखाना राहिला आणि डावीकडे तोंड केलेला बगळा. काकांनी रस्त्याच्या पलीकडे नवा कारखाना टाकला, बगळ्याचं तोंड उजवीकडे फिरवलं आणि चोचीत एक मासा दिला. अप्पा म्हणाले, ही सरळ चोरी आहे. काका म्हणाले, दादाला एवढा मोठा मासा दिसत नाही का? मग दोघांनीही आपापला बगळा नोंदवायला अर्ज टाकले, दोघांनी एकमेकांच्या अर्जाला हरकत घेतली आणि त्या कार्यालयात हे घोंगडं भिजत पडलं.

नेमकी तेव्हा चिमी तिथं नोकरीला होती. परीक्षा देऊन लागलेली. पहिली काही वर्षं परीक्षक म्हणून एका खोल दालनात बसून तिनं बाटलीच्या बुचांपासून पाणी उपसायच्या पंपापर्यंत हजार तऱ्हेचे अर्ज वाचले. हे आधी कुणी केलंय का, हे कुणासारखं दिसतंय का, हे बघायचं. कंटाळवाणं काम म्हणून लोक नाकं मुरडत. चिमीला ते आवडायचं. पुढं ती सुनावण्या घेऊ लागली. बगळ्यांची फाइल आली तेव्हा तिनं ती आपल्याकडे येऊ नये असं आपण होऊन कळवलं आणि पलीकडच्या विभागात बदली मागून घेतली. पण काका डबा घेऊन तिला भेटायला म्हणून येत आणि व्हरांड्यातल्या शिपायाला खणखणीत आवाजात विचारत, “आमची चिमी कुठं बसते? ते बगळ्याचं जरा बघायचं होतं.” अप्पा येत नसत. ते कार्यालयाच्या फोनवर फोन करत, आणि तो फोन सहा माणसं बसत त्या टेबलावर होता. तिच्यावर कुणी आरोप केला नाही. पण ती जवळून गेली की बोलणं थांबू लागलं. खुलासे करून करून ती थकली आणि एक दिवस राजीनामा देऊन बाहेर पडली.

वकिली छान चालली. टेबलापलीकडचा माणूस अर्ज कसा वाचतो, कुठं थबकतो, कशाला कंटाळतो, हे तिला आतून माहीत होतं. पण टेबलाच्या या बाजूला आल्यावर तिला ते कार्यालय पहिल्यांदा नीट दिसलं. एक निवृत्त मास्तर तिचे अशील होते. दृष्टी गेलेल्या माणसाला सुईत दोरा ओवता यावा म्हणून त्यांनी एक लहानसं साधन केलं होतं. सुनावणी झाली, निर्णय राखून ठेवला, अधिकाऱ्याची बदली झाली. नव्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा सुनावणी, पुन्हा निर्णय राखून ठेवलेला, पुन्हा बदली. मास्तर दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून येत आणि तेच सगळं पहिल्यापासून, तितक्याच उत्साहानं सांगत. मंजुरी आली ती त्यांच्या बायकोच्या हातात. ज्यानं सुनावणी घेतली त्यानं निर्णय लिहिल्याशिवाय बदलीच्या जागी जायचं नाही, एवढा एक नियम केला असता तरी ते घडलं नसतं. तो नियम करायला चिमीला ती खुर्ची हवी होती. आणि खरं सांगायचं तर नुसत्या नियमासाठी नाही. तिला ती हवीच होती, मनापासून, लहान मुलाला हवी असते तशी.

“मग करायच्या ना सह्या?” ती म्हणाली.

“करू की,” काका खिडकीशीच म्हणाले. “सह्या काय, केव्हाही होतील. पळून जातायत का?”

“मीही तेच म्हणतो,” अप्पा म्हणाले.

आत्यानं हातातली बिस्किटांची बशी खाली ठेवली. आपले दोन भाऊ एका वाक्यावर एकमत झालेले तिनं आई गेल्यानंतर पाहिलेच नव्हते. तिला भरून आलं. चिमी मात्र सरळ काकांकडे वळली.

“केव्हाही म्हणजे काय काका? गेल्या आठवड्यात तुम्हीच मला दिवसातून तीनदा फोन करत होता, कधी मिटवतेस म्हणून.”

“गेल्या आठवड्यातली गोष्ट वेगळी होती.”

“काय वेगळी होती?”

काकांनी पल्ला मिटला. “पत्र्याच्या कपाटांचं मला जरा पुन्हा बघायचंय.”

“आणि मला लाकडी कपाटांचं,” अप्पा लगेच म्हणाले. “घाईघाईत दिली मी ती पत्र्याची. तू सारखी घाई करत होतीस चिमे.”

चिमीनं डोळे मिटले, उघडले. काकांचा मुलगा बाब्या कोपऱ्यात मोबाइल चाळत बसला होता. काकांचा कारखाना आता तोच चालवायचा आणि या घरात खरं बोलण्याची सवय असलेला तोच एक. “बाब्या, जरा आत ये,” असं म्हणून तिनं त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

“काय चाललंय?”

“तुला कळलं नाही चिमीताई?” बाब्या कानकोंडा झाला. “परवा आत्याकडून तुझी बातमी कळली ना. तेव्हापासून बाबा म्हणतात, सही करायची नाही. आता चिमी तिथं बसणार, निकाल आपल्या बाजूनं लागणार.”

“त्यांच्या बाजूनं? मी अप्पांची मुलगी आहे रे!”

“तेच तर. बाबा म्हणतात, चिमी फार सरळ. बापाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून ती मुद्दाम आपल्याला देईल. आक्खा बगळा. माशासकट.”

चिमीला हसावं की ओट्यावर डोकं आपटावं हे कळेना. “आणि अप्पा?”

“अप्पा म्हणत असतील, रक्ताचं नातं आहे.” बाब्यानं खांदे उडवले. “मी बाबांना म्हटलं, असं नसतं. तर म्हणाले, तू अजून लहान आहेस. पंचेचाळीस वर्षांचा घोडा झालोय मी.”

ती बाहेर आली ती पदर खोचून भांडायला निघाल्यासारखीच.

“दोघंही नीट ऐका,” ती म्हणाली. “मी प्रमुख झाले तरी तुमची फाइल माझ्या टेबलावर येणार नाही. मला ती बघता येणार नाही, उघडता येणार नाही, तिच्याबद्दल कुणाशी बोलताही येणार नाही. मी तुमच्यासाठी काही करू शकणार नाही. तुमच्यासाठी नाही, अप्पा, आणि काका, तुमच्यासाठीही नाही.”

“ते आपलं म्हणायचं असतं,” अप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले. “आम्ही कुठं कुणाला सांगतोय?”

“म्हणायचं नसतं अप्पा! खरंच तसं असतं!”

“बरं, नाही आली तुझ्या टेबलावर,” काका म्हणाले. “तुझ्या हाताखालच्या माणसाच्या टेबलावर येईल. त्याला साहेबांचं आडनाव माहीत असेलच की.”

“म्हणूनच तर! अहो काका, म्हणूनच तर ते मला घ्यायला कचरतायत! हे मिटलं नाही तर मला ती जागाच मिळणार नाही. आज दुपारपर्यंत मुदत आहे. हे मी काल तुम्हाला दोघांनाही फोनवर सांगितलं.”

“सांगितलंस,” अप्पांनी मान्य केलं. “पण अशा मुदती असतातच. आमच्याकडे वीजवाले दर महिन्याला मुदत देतात. तोडलीय का कधी?”

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. भल्याभल्या न्यायाधीशांना तीन वाक्यांत मुद्दा पटवून देणाऱ्या या बाईला आपल्या बापाला एक साधी गोष्ट समजावता येत नव्हती, आणि त्याचं कारण तिला पक्कं माहीत होतं. अप्पांना मुद्दा कळत होता. तो आपल्या मुलीलाही लागू पडतो, एवढंच त्यांना पटत नव्हतं. नियम परक्यांसाठी असतात, आणि घरातलं माणूस आत असलं की मागच्या दारानं जाता येतं, अशी त्यांची भाबडी आणि ठाम समजूत होती.

“अरे, भांडता काय असे शुभ दिवशी,” आत्या मध्ये पडली. “थांबा, मी एक गंमत दाखवते. मग तुमची तोंडं गोड होतील सगळ्यांची.”

ती आतून एक मासिक घेऊन आली. लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यांच्या संघाचं मासिक होतं ते, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे विकणाऱ्या प्रत्येक दुकानात जाणारं. आत्यानं मधलं पान उघडून टेबलावर, नेमकं करारावर ठेवलं.

पानभर चिमी होती. बाब्याच्या लग्नातला फोटो, भरजरी साडीतला, चेहऱ्यावर जेवण उशिरा मिळाल्याचा वैताग. तिच्या एका बाजूला अप्पांचा बगळा, दुसऱ्या बाजूला काकांचा मासेवाला बगळा, दोघांचीही तोंडं तिच्याकडे. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘ट्रेडमार्क कार्यालयाच्या सर्वोच्च खुर्चीवर आता आपल्या घरची लेक!’ आणि खाली: ‘अभिनंदन! दोन्ही बगळा परिवार.’

आत्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता.

“मी एकटीनं दिली जाहिरात,” ती म्हणाली. “कुणाला वाईट वाटायला नको म्हणून दोघांचेही बगळे घातले. सारख्याच आकाराचे. पट्टीनं मोजून घेतले मी.”

“आत्या,” चिमीचा आवाज एकदम खाली आला होता. “हुकूम अजून निघालेला नाही.”

“निघेल की. तू म्हणालीस ना पक्कं झालं.”

“तुला सगळ्यांच्या आधी, महिन्यापूर्वी सांगितलं होतं मी. घरातल्या घरात.”

“मग हे काय बाहेरचं आहे? आपल्या व्यापाऱ्यांचंच तर मासिक आहे.”

आत्यावर चिडायचं तरी कसं? तिनं आयुष्यभर दोन भावांच्या मधोमध उभं राहून तराजूचा काटा सरळ ठेवायचा खटाटोप केला होता. आताही तेच केलं होतं, पट्टी लावून. आणि वादातले दोन्ही बगळे, ज्यांचा निकाल लागायचा होता त्या कार्यालयाच्या होऊ घातलेल्या प्रमुखाच्या दोन खांद्यांशी आणून बसवले होते. चिमीच्या शत्रूला सुचलं नसतं ते तिच्या आत्यानं प्रेमानं केलं होतं.

तिचा फोन वाजला. सचिवांचा. ती तिथंच, सगळ्यांच्या देखत बोलली. आता लपवण्यासारखं उरलं काय होतं?

“मॅडम, एक पान माझ्या टेबलावर आहे,” सचिव म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. “कुणीतरी मुद्दाम आणून दिलं. वरून मला विचारणा झाली आहे.”

“मी आत्ताच पाहिलं. मला माहीत नव्हतं.”

“माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासानं भागत नाही. सह्या झालेला करार आत्ता हातात आला तर मी सांगू शकेन, वाद मिटला, घरच्यांनी हौसेनं जाहिरात दिली, संपलं. करार नसेल तर मला काही सांगता येणार नाही. मी दुपारी बैठकीला जातोय.”

“देते,” चिमी म्हणाली. फोन बंद करून तिनं मासिक उचललं, बाजूला ठेवलं आणि करार दोघांसमोर सरकवला. “ऐकलंत. आता हात जोडून सांगते. सह्या करा.”

अप्पांनी करार बघितला नाही. त्यांचे डोळे मासिकावर होते.

“अक्का,” ते बहिणीला म्हणाले, “ह्याचा बगळा चिमीच्या उजव्या हाताला का घातलास?”

“अरे, त्याचं तोंड तिकडं आहे म्हणून...”

“उजवा हात मानाचा. थोरला मी.”

“घ्या!” काका उसळले. “माझी पुतणी नाही का ती? मी तिला खांद्यावर घेऊन हिंडलोय. तू होतास कुठं तेव्हा? कारखान्यात.”

“कारखाना चालवत होतो म्हणून तू हिंडत होतास!”

“आणि मी म्हणतो, ह्या पानावरून दिसतंच आहे, मासा किती शोभतो तो! मासा नसता तर ह्याचा बगळा नुसता उपाशी उभा.”

बाब्या म्हणाला, “बाबा, सही करा ना.” कुणी ऐकलं नाही. आत्या म्हणाली, “अरे, मी पुढच्या अंकात बाजू बदलून पुन्हा छापते.” तेही कुणी ऐकलं नाही, हे एका परीनं बरंच झालं. अप्पा उभे राहिले. काका त्याच्या आधीच उभे होते. कपाटं, साचे, आजोबांचं शेवटचं आजारपण, कुणी किती रात्री जागला, सगळं एकामागून एक बाहेर यायला लागलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि इथं तर सुंभही अजून धडधाकट होता.

चिमी ऐकत राहिली. वीस वर्षांपूर्वी व्हरांड्यात उभी राहून तिनं असंच ऐकलं होतं, काका शिपायाला विचारत असताना. तेव्हा तिला वाटलं होतं, ही माणसं अडाणीपणानं करतात, एक दिवस समजतील. आज तिला दिसलं की समजायचं काही उरलेलंच नाही. ती खुर्चीवर बसली तरी काका डबा घेऊन येतील. अप्पा फोन करतील. आत्या पट्टी घेऊन बसेल. आणि बगळ्यांवर निकाल कुणीही, कसाही दिला, तरी हरलेला भाऊ आणि जिंकलेला भाऊ दोघंही दारोदार सांगतील, की चिमीनंच दिला. आज सही झाली तरी उद्या पत्र्याच्या कपाटाला लाकडी दार निघेल. तिला मनस्वी राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागाहून वाईट होतं. ती बाल्कनीत गेली, दार लावून घेतलं आणि सचिवांना फोन केला.

आत आली तेव्हा भांडण आजोबांच्या औषधांपर्यंत पोचलं होतं.

“मी नाव मागे घेतलं,” ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला नव्हता, म्हणूनच बहुधा ऐकू गेला.

“म्हणजे?” अप्पा म्हणाले.

“म्हणजे मी सांगितलं, मला ती जागा नको. दुसऱ्या नावाला द्या. ते बैठकीला निघालेच होते. बरं झालं म्हणाले, म्हणजे तसं म्हणाले नाहीत, पण सुटल्यासारखे वाटले.”

“वेडी आहेस का?” काका खाली बसले. “आम्ही सही करणारच होतो! बोलत होतो नुसते!”

“माणसानं इतकं उतावीळ असू नये,” अप्पा म्हणाले. “लहानपणापासून अशीच.”

आत्या रडायला लागली. बाब्यानं मासिक उचलून आपल्या पाठीमागं ठेवलं, जणू ते दिसेनासं झालं की झालेलं पुसलं जाईल.

मग काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला की ते असं करत. “दुसरं नाव म्हणजे कोण?” त्यांनी विचारलं.

चिमीनं सांगितलं. कडक माणूस. कुणाचा कोण नाही. दोन सारख्या खुणा समोर आल्या की दोन्ही उडवायच्या, अशी त्याची ख्याती.

“दोन्ही?” अप्पांनी विचारलं.

“दोन्ही.”

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काकांनी करार ओढून घेतला आणि चष्म्यातून वाचल्यासारखं करून सही ठोकली. अप्पांनी त्यांच्या हातातून पेन घेतलं, दुसरं समोर असताना, आणि सही केली. प्रती बदलल्या. पुन्हा सह्या. आत्यानं डोळे पुसत साक्षीदार म्हणून सही केली, बाब्यानं केली. सगळं मिळून चहा निवायच्या आत झालं. इतकी वर्षं दोन घरं ज्या गोष्टीवरून एकमेकांच्या दारात गेली नाहीत, ती गोष्ट संपली, आणि काका अप्पांना म्हणाले, “दादा, तुझी शुगर कशी आहे?”

“आहे बेताची,” अप्पा म्हणाले. “तुझा गुडघा?”

आत्याला पुन्हा रडू आलं, या वेळी आनंदाचं. ती पुन्हा चहा टाकायला आत पळाली.

“चला, मिटलं,” काकांनी हात चोळले. “चिमे, कर फोन. सांग त्यांना, झाल्या सह्या. आता काही अडचण नाही.”

“काका, वरातीमागून घोडं नेऊन काय उपयोग? त्यांनी त्या गृहस्थांना कळवलंसुद्धा असेल.”

“अरेरे,” काका म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं. ते साधारण एक बिस्किट संपेपर्यंत टिकलं. मग त्यांचा चेहरा उजळला. “पण ह्यात एक चांगलं झालं बघ. आता तू मोकळी आहेस. तो बाजारात नवीन एकजण बदक छापून बिजागऱ्या विकतोय. हुबेहूब आपला बगळा, नुसती मान आखूड. दादा, आपण दोघांनी मिळून त्याच्यावर दावा लावायचा. चिमी लढेल. त्या कार्यालयाची खडान्‌खडा माहिती आहे तिला.”

“उत्तम,” अप्पा म्हणाले. “घरचा वकील असताना बाहेर कशाला जायचं?”

चिमीनं कराराची एक प्रत अप्पांसमोर ठेवली, एक काकांसमोर. पर्स उचलली.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे, आज नाही?”

“आज नाही, उद्या नाही. बगळा नाही, बदक नाही. दुसरा वकील बघा.”

तिनं चपला घातल्या आणि दार उघडून बाहेर पडली. मागं काका म्हणत होते, “रागावली. येईल संध्याकाळपर्यंत.” ती एक मजला उतरली असेल नसेल, तोवर अप्पांची हाक आली. ते कठडा धरून, एकेक पायरी करत खाली येत होते. पंच्याऐंशीचा माणूस, धाप लागलेली. ती थांबली. थांबावंच लागलं.

“चिमे, अगं...” ते तिच्याहून दोन पायऱ्या वर येऊन थांबले. “अगं, एवढं काय झालं? तुझी वकिली आहे. नाव आहे. तिथं जाऊन तुला जास्त काय मिळणार होतं?”

अप्पांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते पाहतच राहिले. कपाचा कान, खिडकीचा पल्ला, बगळ्याची मान, सगळं निरखून बघणारा हा माणूस. पण आपल्या मुलीकडे असं त्यांनी शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्यांनाही आठवलं नसतं.

“मला वाटलं,” ते अडखळले, “मला वाटलं, तू तिथं आमच्यासाठी चालली होतीस. आपलं माणूस आत असावं म्हणून. तुला ती जागा...” त्यांनी कठडा घट्ट धरला. “तुला स्वतःला हवी होती का ती?”

ते खरंच विचारत होते. त्यांच्या आवाजात लटकं काही नव्हतं, निव्वळ आश्चर्य होतं, आणि तेच तिला सोसवेना.

“हो अप्पा,” ती म्हणाली. “मला हवी होती.”

अप्पा हळूच त्याच पायरीवर बसले. सोमवारी सकाळी चिमीची त्याच कार्यालयात एका अशिलासाठी तारीख होती, नव्या साहेबांसमोर. ती जिना उतरून गेली.